टायर रुळेपर्यंत

बूटकाकूंच्या दुकानातून बूट घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बुटांबरोबर एक भाषण फुकट मिळायचं. बूट घालायला असतात, ठेवायला नसतात, असं काकू सांगायच्या. चांगल्या दिवसासाठी म्हणून डब्यात जपून ठेवलेत, तर काही वर्षांनी काढाल तेव्हा वरून नवे कोरे दिसतील आणि दहा पावलांत सोल वेगळा होईल. चिकटवलेली वस्तू पडून राहिली की आतल्या आत सुकते. गिऱ्हाईक मान डोलवायचं, घरी जायचं आणि बूट डब्यात ठेवायचं. मग कधीतरी एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात सोल घेऊन परत यायचं. काका आत बसून तो सोल बसवायचे आणि काकू बाहेर तेच भाषण पुन्हा द्यायच्या, या खेपेला जरा वरच्या पट्टीत.

तर अशा या बाईच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यात, मऊ कागदात गुंडाळलेले तपकिरी उंच बूट नऊ वर्षं पडून होते. आणि घरामागच्या शेडमध्ये, जुन्या चादरीखाली, एक भलीमोठी मोटरसायकल. पुढे वारा अडवणारी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागच्या सीटला पाठ टेकायला गादी. बूट आणि गाडी एकाच दिवशी घेतली होती आणि एकाच कामासाठी, जग फिरायला.

जग काही पळून जाणार नव्हतं, त्यामुळे ते राहून गेलं. आधी शाळा सुरू होण्याचा हंगाम आला, मग लेकीची परीक्षा, मग लेकीचं लग्न, मग काकांचा गुडघा. दर रविवारी काका चादर काढायचे, गाडी पेट्रोल पंपापर्यंत न्यायचे, हवा भरायचे आणि परत आणून पुसायला बसायचे. टायरांना ते काकूंनी दुकानाच्या काचेतल्या बुटांसाठी स्वतः घोटलेलं पॉलिश लावायचे. या पॉलिशचा काकूंना भारी अभिमान होता. एक हात फिरवला की काळ्या रंगात तोंड दिसायचं. शेजारपाजारचे लोक म्हणायचे, गाडी अजून शोरूममधून निघाल्यासारखी दिसते. काका लाजायचे. ती निघालेलीच नाही, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही.

शेवटी गाडी विकायचं ठरलं, आणि ठरवलं काकूंनीच. शेडमध्ये त्यांना मालाच्या फळ्या मारायच्या होत्या. लेकीनेही टुमणं लावलं होतं की तुमच्या वयाची माणसं अंगणात बसून ऊन खातात, तुम्ही असली धुडं काय बाळगता. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर दातांचे एक डॉक्टर होते, त्यांना गाडी हवी होती. लेक राहायची दुसऱ्या शहरात, सकाळी निघालं तर दुपारपर्यंत पोचता येईल एवढ्यावर. गाडी चालवत न्यायची, डॉक्टरांच्या हातात किल्ली द्यायची, दोन दिवस लेकीकडे राहायचं आणि बसने परत यायचं. काकांनी या सगळ्याला होकार दिला तो मान खाली घालून, एका जुन्या बुटाच्या टाचेत खिळा ठोकत. जरा जास्तच जोरात ठोकला.

निघायच्या सकाळी काकूंनी डबा उघडला. आज नाही तर कधीच नाही, असं म्हणत तपकिरी बूट पायांत चढवले. बूट छान दिसत होते.

मागच्या सीटवर बसून त्या पहिला अर्धा तास शेडमधल्या फळ्यांचा विचार करत होत्या. लहान मुलांचे बूट खाली, मोठ्यांचे वर, सँडल भिंतीला. मग शहर संपलं, रस्ता रुंद झाला आणि एका टेकडीवरून झोकदार वळण घेत खाली उतरला. काकूंच्या पोटात काहीतरी हललं, वर आलं आणि तोंडातून बाहेर पडलं. हुई.

आवाज कोणाचा म्हणून त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. काकांनी घाबरून गाडी हळू केली आणि मान तिरपी करून इंजिन ऐकत राहिले. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. पुढच्या उतारावर काकू पुन्हा हुई म्हणाल्या, काकांनी पुन्हा गाडी हळू केली, आणि मग काकूंना इतकं हसू लोटलं की हेल्मेटची काच आतून धुरकटली.

वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून त्यांची एक जुनी खूण होती. पाठीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, आणि बरगडीत चिमटा म्हणजे चहा. ही भाषा काकूंनीच लग्नाआधी तयार केली होती. तेव्हा त्या पुढे बसायच्या आणि काका मागे. हो, गाडी काकांना काकूंनीच शिकवली. वडिलांच्या मोटरसायकलवरून त्या कातड्याचे गठ्ठे पोचवायच्या आणि त्यांना पटवायला आलेला हा मुलगा क्लच सोडला की सरळ कुंपणात जायचा. पुढे लेक पोटात असताना त्या काही महिने मागे बसल्या आणि मग मागेच राहिल्या. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, सवय होती. गाडी चालवायचा परवाना मात्र त्या मुदत संपली की नेमाने नवा करून आणायच्या आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायच्या. कशाला, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं.

ऊन चांगलं तापलं होतं, रस्ता मोकळा होता आणि काकूंना आता फळ्याबिळ्या काही आठवत नव्हत्या. तेवढ्यात त्यांना पायाखाली जाणवलं. थप. थप. थप. बारीक आणि एका लयीत.

असला ठोका दुसऱ्या कोणाला कळला नसता, पण काकूंचं आयुष्य बुटांत गेलं होतं. सुटलेला सोल चालताना कसा वाजतो हे त्या झोपेतही ओळखतील. त्यांनी वाकून आपला उजवा बूट पाहिला आणि लाजेने त्यांचे कान तापले. चवड्याकडून सोल उघडला होता आणि वाऱ्यावर फडफडत होता. ज्या बाईने गावभर भाषणं दिली तिचाच बूट. नवऱ्याला सांगितलं तर तो वर्षभर हसेल. काकूंनी पाय फूटरेस्टवर घट्ट दाबून धरला आणि गप्प बसल्या.

थप थप थप. सोल दाबलेला होता तरी वाजतच होतं. त्यांनी पाय आणखी दाबला, पोटरीत गोळा येईपर्यंत. आवाज वाढला. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे पायाखाली वाजत नाहीये, सीटखाली वाजतंय. बुटाचा सोल सुटलाच होता, पण वाजत होता तो दुसराच सोल.

त्यांनी काकांच्या पाठीवर दोन थापा मारल्या. काकांना वाटलं, बायको खुशीत आहे. त्यांनी डावा हात मागे नेऊन तिच्या गुडघ्यावर प्रेमाने थोपटलं. आणि त्याच क्षणी मागच्या टायरचा वरचा सगळा पट्टा, नक्षीसकट, सोललेल्या सालीसारखा निघाला, मडगार्डवर धाडकन आपटला आणि हवेत उडाला. गाडीचा मागचा भाग डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागला.

"ब्रेक नको!" काकू ओरडल्या. "गॅस सोड. हँडल सैल धर. सरळ जाऊ दे, सरळ."

काकांनी ब्रेककडे निघालेली बोटं मागे घेतली, मूठ उलटी फिरवून गॅस सोडला, हँडल सैल धरलं. गाडी डुलत, अंग घुसळत, वेग टाकत गेली आणि रस्त्याच्या कडेच्या खडीवर येऊन उभी राहिली. दोघं उतरले. काकूंच्या मनात एकच आलं, की हा माणूस धड उभा आहे, दोन्ही हात, दोन्ही पाय, नाक, सगळं जागच्या जागी आहे. त्यांना त्याला मिठी मारायची होती, पण मध्ये दोन हेल्मेटं होती.

"मला किती वर्षांनी 'सोड' म्हणालीस," काका म्हणाले. "लग्नानंतर सगळं 'सोडा' आणि 'धरा'च चाललंय."

मग काकू गाडीच्या मागे जायला निघाल्या आणि चालताना त्यांचा बूट वाजला. थप, थप, थप. काकांनी खाली पाहिलं. बुटाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. आणि भर उन्हात, हमरस्त्याच्या कडेला, दोघांना असं हसू फुटलं की काका खडीवर मांडी घालून बसले आणि काकूंना बाजूच्या मैलाच्या दगडाचा आधार घ्यावा लागला. हसणं थांबलं की काकूंचा पाय हलायचा, बूट वाजायचा आणि पुन्हा सुरू.

त्या तसल्या अवस्थेत असतानाच शेजारच्या रोपवाटिकेची मालकीण कुंपणाच्या दारातून बाहेर आली. तिच्या दोन्ही हातांवर, नवं कापड धरावं तसा, टायरचा लांबलचक पट्टा होता. तो तिच्या गुलाबाच्या कुंड्यांवर येऊन पडला होता. हा तुमचाच का, असं तिने अदबीने विचारलं. काकांनी नुसतं बोट वर केलं.

मालकीण मोठी भली होती. तिने पाणी दिलं, फोन करून पुढच्या नाक्यावरच्या टायरवाल्याला बोलावलं, आणि तो टेम्पो घेऊन येईपर्यंत दोघांना सावलीत बसवलं. काकांनी पट्टा मांडीवर घेतला आणि अंगठ्याने नक्षी चाचपत राहिले. खाचा खोल होत्या, नव्या टायरसारख्या. हवाही बरोबर होती, कालच भरली होती. मग झालं काय, हे त्यांना कळेना.

काकूंनी पट्टा उलटा केला. आतली बाजू कोरडी आणि भुरभुरीत होती, जुन्या बुटाच्या चिकटवलेल्या जागेसारखी. त्यांनी नखाने खरवडलं आणि पूड पडली.

"आपण गिऱ्हाइकाला काय सांगतो?" त्यांनी विचारलं.

काकांनी सांडलेली पूड बोटाने चाचपली. "डब्यात ठेवू नका," ते हळूच म्हणाले.

टायरवाला भरघोस मिश्यांचा आणि बोलका निघाला. त्याच्या दुकानात त्याने चाक काढलं, टायरच्या कुशीवर छापलेले बारीक आकडे दाखवले आणि ही टायरची जन्मतारीख म्हणून सांगितलं. नक्षी शाबूत असली तरी म्हातारा टायर तो म्हाताराच. दोन माणसं, भरलेल्या पेट्या, तापलेला रस्ता, एवढं एकदम अंगावर आल्यावर तो थर धरून राहणार कसा? पुढचाही त्याच वयाचा होता, तोही बदलायला हवा. मग त्याने जुन्या टायरला नाक लावलं आणि विचारलं, याला चोळलंय काय? काकूंनी पॉलिशमध्ये काय काय पडतं ते सांगितलं, एकेक जिन्नस सांगताना आवाज खाली जात गेला. यातल्या दोन गोष्टी रबराचं तेल शोषून घेतात, असं तो म्हणाला. काकू ओशाळल्या. त्याने त्यांना फार वेळ ओशाळू दिलं नाही. चामड्याला हे एक नंबर असणार, मला माझ्या बुटांसाठी थोडं पाठवा, असं म्हणाला, आणि टायर चिकटवायच्या सोल्युशनची डबी काढून काकूंचा सोल स्वतःच चिकटवून, शिकंज्यात दाबून ठेवला. काका बाजूला उभे राहून आपल्या बायकोच्या बुटावर परक्याचा हात फिरताना पाहत होते. तो नीट चिकटवतोय ना, हे बघायला ते दोनदा वाकले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. आम्ही चहाला थांबलोय, असं काकूंनी सांगितलं. चहा समोर होता, त्यामुळे ते खोटं नव्हतं. लेक खुशीत होती. डॉक्टर सकाळपासून तीनदा येऊन चौकशी करून गेले होते. त्यांनी दवाखान्यातली एक भिंत रिकामी केली होती, तिथे गाडी ठेवायची होती. खाली गालिचा, वर छोटे दिवे. पेशंट बसतात ना त्या खोलीत. त्यांना चालवता येत नाही गं, लेक म्हणाली, त्यांना फक्त बघायला हवीय. किती जपतील बघ.

काकूंनी फोन ठेवला. त्यांच्या एका पायात बूट होता आणि दुसरा पाय मोज्यावर होता. समोर टायरवाला नवा टायर रिंगवर चढवत होता आणि टायरच्या अंगावरचे नव्या रबराचे केस उन्हात दिसत होते. गालिचा, वर छोटे दिवे. त्यांना एकदम रडू येईल असं वाटलं आणि मग त्यांना स्वतःचाच राग आला. ही गाडी त्यांना द्यायची नव्हती. सकाळपर्यंत त्यांना हे ठाऊक नव्हतं, पण आता पक्कं ठाऊक होतं, आणि दिलेला शब्द तर मोडता येत नव्हता. दुकानदार माणसं ती.

टायरवाल्याने दोन्ही चाकं बसवली आणि हात पुसत बजावलं की पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा. नव्या टायरच्या अंगावर गुळगुळीतपणा असतो, तो रस्त्याला घासून जाईपर्यंत पकड येत नाही. एकदम ब्रेक नको, एकदम वळण नको, वेग नको. टायर रुळू द्या.

हे ऐकता ऐकता काकूंचा चेहरा उजळत गेला. काकांनी तो पाहिला आणि ते सावध झाले. या चेहऱ्यानंतर घरात नेहमी काहीतरी हलवाहलव होते, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

"हळूच जायचंय ना," काकू म्हणाल्या, "मग मी चालवते."

काकांनी हातमोजे काढले आणि बायकोला दिले. ते तिला ढगळ होते. टायरवाल्याच्या मोकळ्या आवारात काकूंनी आधी दोन घिरट्या घातल्या, पहिलीत गाडी दोनदा बंद पडली, दुसरीत एकदाही नाही. हात विसरले नव्हते. काका मागे चढले आणि त्यांना प्रश्न पडला की हात ठेवायचे कुठे. इतकी वर्षं बायको ठेवत होती त्या जागी त्यांनी ठेवले.

मागून जग निराळंच दिसतं, हे काकांना त्या दुपारी कळलं. म्हणजे जग दिसतच नाही, पुढच्या माणसाचं हेल्मेट दिसतं. इतकी वर्षं हिने काय पाहिलं असेल तर आपलं डोकं, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं आणि मग लगेच बरंही वाटलं, कारण हेल्मेटच्या आतून गाण्याचा आवाज येत होता. एका वळणाआधी त्यांनी पाठीवर एक थाप मारली. काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी बरगडीत चिमटा काढला, तेव्हा मात्र गाडी चहाला थांबली.

लेकीच्या इमारतीच्या फाटकाशी लेक, जावई आणि दातांचे डॉक्टर वाट पाहत उभे होते. गाडी दिसताच लेकीने पुढे बसलेल्या माणसाला "बाबा" म्हणून हात केला. पुढच्या माणसानेही हात केला आणि गाडी न थांबता इमारतीला वळसा घालायला निघून गेली. थांबायचं असं काकूंनी खरोखर ठरवलं होतं, पण फाटक आलं आणि हाताने ऐकलं नाही. दुसऱ्या फेरीला लेकीला मागच्या सीटवर बाबा दिसले. तिचं तोंड उघडं राहिलं. तिसऱ्या फेरीला जावई टाळ्या वाजवत होता आणि डॉक्टर चष्मा पुसत होते. चौथ्या फेरीला मात्र लेक सरळ रस्त्यात येऊन उभी राहिली, तेव्हा काकूंनी अलगद ब्रेक लावला आणि उजवा पाय जमिनीवर टेकवला. सोल टिकला.

डॉक्टरांनी टाकीवरून हळुवार हात फिरवला आणि किल्लीसाठी तळवा पुढे केला.

"डॉक्टर, गाडी आज देता येणार नाही," काकू म्हणाल्या. "टायर नवा आहे. रुळायचाय अजून. चावणारा बूट आम्ही गिऱ्हाइकाला कधी दिला नाही."

किती दिवस लागतील, असं लेकीने विचारलं. काकांनी सांगितलं, दीडशे-दोनशे किलोमीटर. म्हणजे तुम्ही घरी पोचेपर्यंत होऊन जाईल, लेक म्हणाली. ती हिशेबाला पक्की होती.

"मागचा होईल," काकू म्हणाल्या. "मग पुढचा. दोन्ही एकदम कसे रुळतील?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. काकांनी अत्यंत गंभीरपणे मान हलवली आणि तसंच असतं म्हणून सांगितलं. डॉक्टर काही क्षण बूटकाकूंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. केस चपटे झालेले, नाक लाल, गालांवर हेल्मेटचे वळ, आणि डोळे असे की जणू नुकतंच कोणीतरी त्यांना सुट्टी लागल्याचं सांगितलंय. रोज लोकांची तोंडं बघणारा माणूस तो, त्याला समजायचं ते समजलं. नव्या कवळीचंही असंच असतं, ते म्हणाले, काही काहींची तर आयुष्यभर रुळत नाही. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि खिशात घातला. भिंतीवर मी एखादं चित्र लावीन, असं म्हणून ते पायऱ्या चढून आत गेले.

लेक अजून रस्त्यातच उभी होती. रागवायचं तिने ठरवून ठेवलं होतं, वाक्यंही तयार होती, पण ही बाई तिने आधी कधी पाहिली नव्हती.

"आई, तुला चालवता येते?"

"तुझ्या बाबांना कोणी शिकवली?"

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, तिच्या हातात दिलं आणि गुडघा चोळत कट्ट्यावर जाऊन बसले. तिने आधी ते उलटसुलट करून पाहिलं. मग घातलं, मागे चढली आणि कुठे धरायचं म्हणून विचारलं. मला धर, काकू म्हणाल्या.

रस्त्याच्या टोकाला उतार होता, सावल्या लांब झाल्या होत्या. गाडी हळूच निघाली, टायर नवा होता. लेकीने पाठीवर दोन थापा मारल्या, पण ती कुठे ही भाषा शिकली होती, म्हणून काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. उतार लागला. मागून एक बारीक हुई ऐकू आलं. काकूंनी गाडी आणखी हळू केली नाही. इंजिनाला काहीही झालेलं नाही, हे त्यांना माहीत होतं.